सातवी लेव्हल कुठे गेली?

पत्र:

नमस्कार. माझं वय 37. घर आवरताना माळ्यावर एक खोका सापडला. त्यात व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल, दोन कंट्रोलर आणि नऊ कॅसेट. धाकट्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तू सातव्या लेव्हलपर्यंत पोचायचीस, मी शेजारी बसून बघायचो." मला यातलं काही म्हणता काही आठवत नाही. कॅसेट लावली तर सेव्ह केलेला गेम पुसलेला. वीस मिनिटं खेळले, प्रत्येक उडी चुकली आणि मनाला काहीच वाटलं नाही. त्याच खोक्यात माझे जलरंग होते, ट्यूब दगडासारख्या कडक. ज्या गोष्टींपायी मी जेवायचं विसरायचे, त्याच गोष्टी मी विसरले. मला काही आजार आहे का? की मीच आतून कोरडी झाले?
— माळ्यावरची

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. जुनं आठवत नाही, ही एक. जुनं समोर आलं तरी काही वाटत नाही, ही दुसरी. पहिली बहुतेकांची असते आणि तिच्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. दुसरीची आधी नीट चौकशी व्हायला हवी, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गेले दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा. त्यातले बहुतेक दिवस कशातच मन लागलं नाही, असं झालं का? फक्त गेम आणि रंग नव्हे. आवडीचं जेवण, जवळच्या माणसाशी गप्पा, मनासारखा पाऊस, यातलं काहीच आत पोचत नाही असं आहे का? जोडीला झोप बिघडली आहे, भूक बदलली आहे, अंगात त्राण नाही, सारखा स्वतःला दोष दिला जातो आहे? यातलं बरंच जुळत असेल तर कन्सोल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. नैराश्यात माणूस रडतोच असं नाही. पुष्कळांना नुसतं सपाट वाटतं आणि म्हणूनच ते ओळखायला उशीर होतो. थायरॉइड, बी12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण यांच्या कमतरतेतही थकवा आणि निरुत्साह येतो. काही औषधांनीही भावना बोथट होतात. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या, पण एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जगू नये असा विचार डोकावत असेल तर भेटीची तारीख मिळायची वाट बघायची नाही. आजच्या आज कुणाला तरी सांगायचं आणि मदत घ्यायची.

पत्रावरून निदान होत नाही आणि आम्ही ते करणारही नाही. बाकीच्या गोष्टींत जीव रमत असेल आणि फक्त या खोक्यापाशी काही वाटलं नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. लहानपणची लेव्हल न आठवणं हा स्मृतिभ्रंश नव्हे. त्याच्या खुणा वेगळ्या असतात: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, कालचं बोलणं आज पूर्ण पुसलं जाणं.

मेंदू घटना एका पद्धतीने जपतो आणि हातांचं कसब दुसऱ्या. 1953 मध्ये हेन्री मोलायसन या अमेरिकी तरुणावर फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला, पण हे आपण आधी केलं आहे याची त्याला आठवण नव्हती. तुमचं प्रकरण इतकं टोकाचं मुळीच नाही, पण धडा तोच आहे: घटनेची आठवण गेली म्हणजे हाताचीही गेली असं होत नाही. त्याच्याही आधी, 1885 मध्ये, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी दाखवलं होतं की पूर्ण विसरलेला मजकूर दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. काहीच आठवत नाही असं वाटत असतानाही आत काहीतरी शिल्लक असतं.

मग उड्या का चुकल्या? आमचा पहिला संशय तुमच्यावर नाही, टीव्हीवर आहे. जुना कन्सोल जाड काचेच्या टीव्हीसाठी बनलेला. त्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्क्षणी उमटायचं. आजचा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. यात सहज 100 मिलिसेकंद जातात. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये हा सहा चित्रांचा उशीर झाला. खड्ड्याच्या काठावर उडी मारायची तर एवढा उशीर पुरेसा आहे. बोट वेळेवर पडतं, पण चित्र मागे असतं आणि आपण समजतो की आपला हात गेला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधून चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सगळी सोय बंद करा. पडदाभर ताणलेलं चित्र 4:3 वर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावर आणा, नाहीतर अंतरांचा अंदाजही चुकतो. खोक्यात पडद्यावर नेम धरायची गेमची बंदूक असेल तर ती सपाट टीव्हीवर चालणार नाही. तिचं सगळं काम जुन्या पडद्यावर प्रकाश कसा उमटतो यावर अवलंबून होतं, म्हणून तीही बिघडली असं समजू नका.

पुन्हा वीज जोडण्याआधी अडॅप्टर तपासा. त्यावरचे व्होल्ट, एसी की डीसी आणि पिनेची धन-ऋण बाजू हे तिन्ही कन्सोलवर लिहिलेल्याशी जुळलं पाहिजे. पिन भोकात बसली म्हणजे अडॅप्टर योग्य, असं नसतं. खोक्यात हातात धरून खेळायचं एखादं यंत्र निघालं, तर त्याची पाठ फुगली आहे का ते आधी बघा. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. साध्या सेलच्या खणात पांढरी पावडर दिसली तर हातमोजे घाला, कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून ती उतरवा, मग अल्कोहोलने पुसा.

कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची सवय सगळ्यांना असते. ती सोडा. तोंडातला ओलावा कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांना गंज आणतो. फुंकल्यावर गेम चालतो तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. 90 टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित भिजवा, पट्ट्या उभ्या दिशेने पुसा आणि काडी काळी निघायची थांबली की दहा मिनिटं वाळू द्या.

तुमचा पुसलेला गेम ही सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट असणार. त्या काळच्या पुष्कळ कॅसेटमध्ये सेव्ह ज्या चिपवर राहायचा, ती चिप वीज गेली की सगळं विसरते. म्हणून आत नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असायचा: काहींत सीआर2032, काहींत सीआर2025, लहान कॅसेटमध्ये सीआर1616. तो सेल अनेक वर्षं टिकतो आणि एक दिवस संपतो. तुमची सातवी लेव्हल त्या दिवशी गेली. ती परत मिळत नाही, हे आम्ही गोड करून सांगणार नाही. पण नऊच्या नऊ कॅसेट तपासा, एखादीचा सेल अजून तग धरून असेल. तसं निघालं तर सेल काढण्याआधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने सेव्हची प्रत संगणकावर घ्या, कारण सेल निघाला त्या क्षणी सगळं जातं. बदलायचा सेल सोल्डरिंगसाठी धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुटू शकतो. काही कॅसेटचे स्क्रू उघडायला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, 3.8 मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे त्या स्क्रूंसाठीचा खास स्क्रूड्रायव्हर, लागतो. आणि काही गेममध्ये सेव्ह नव्हताच, पासवर्ड असायचा. गेमच्या पुस्तिकेची शेवटची पानं आणि जुन्या वह्यांच्या मागच्या बाजू चाळा. तुमच्याच अक्षरात एखादा सापडला तर त्याने सातव्या लेव्हलचं दार उघडेल.

आता खेळायचं कसं ते. वीस मिनिटांच्या एका बैठकीवरून निकाल लावू नका. वेगवेगळ्या चार दिवशी, प्रत्येकी वीस ते पंचवीस मिनिटं खेळा आणि चारही वेळा एकच गेम लावा. नऊ गेम पाच-पाच मिनिटं चाखले की एकाचाही हात बसत नाही. बसण्याआधी 0 ते 10 मध्ये लिहा की किती मजा येईल असं वाटतं, उठल्यावर लिहा की किती आली. मन खचलेलं असलं की आधीचा अंदाज खऱ्यापेक्षा खाली असतो आणि माणूस त्या अंदाजावर विसंबून बसतच नाही. आकडे समोर असले की हे उघड दिसतं. चौथ्या दिवशीही उठल्यावरचा आकडा एक-दोनच राहिला तर तो गेम तुमच्यासाठी झाला, असं समजा. दहा वर्षांच्या मुलीचं मन ज्यात रमलं, त्यात 37 व्या वर्षी रमलंच पाहिजे असा नियम नाही. भावाला द्या, किंवा पुन्हा माळ्यावर ठेवा, पण हातातल्या यंत्रातले साधे सेल काढून आणि कोरड्या डब्यात.

आठवणीसाठी डोकं शिणवू नका. "सातव्या लेव्हलमध्ये काय होतं?" असा सरळ प्रश्न विचारला की बहुधा शांतताच मिळते. समोर आलेलं ओळखणं हे मनातून काढण्यापेक्षा खूप सोपं असतं. म्हणून गेमचं संगीत आधी ऐका, पडदा न बघता. कंट्रोलर हातात घेऊन जमिनीवर बसा, तेव्हा जसं बसत असाल तसं. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांवर प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले. जागा, बसणं, आवाज यांचा आठवणीशी असा संबंध असतो. एखाद्या गेमचं नावच हरवलं असेल तर मोबीगेम्स या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन सूचीत कन्सोल आणि साल निवडून चित्रं बघत जा. ब्राउझरमध्ये खेळायचे फ्लॅश गेम आठवत असतील, तर अडोबीने 2020 च्या शेवटी फ्लॅश बंद केलं, म्हणून ते जुन्या पत्त्यांवर चालत नाहीत. इंटरनेट अर्काइव्ह या जुनं डिजिटल साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर त्यातले पुष्कळ अजून खेळता येतात.

जलरंगांचं काम सोपं आहे, ते आधी करा. जलरंग डिंकात बांधलेला असतो आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वाळलेला रंग मेलेला नसतो. ट्यूब उभी कापा, गोळा छोट्या वाटीत काढा, चार-पाच थेंब पाणी घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. भुगा होत असेल तर एक थेंब ग्लिसरीन. बुरशी किंवा कुजका वास असेल तर टाकून द्या. अॅक्रिलिक मात्र वाळलं की प्लॅस्टिक होतं, त्याला पाणी घालण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी चित्र काढायला बसू नका. प्रत्येक रंगाचा गडदपासून फिक्यापर्यंत एक पट्टा ओढा आणि खाली नाव लिहा. त्यात चांगलं-वाईट काही नसतं आणि हात मोकळा होतो.

राहता राहिला भाऊ. त्याला नक्की बोलवा, पण त्याआधी तुम्हाला जे थोडंफार आठवतं ते कागदावर लिहून काढा, अर्धवट असलं तरी: खोलीतला उजेड, वायरची लांबी, कोण कुठे बसायचं. तो सांगेल ते ऐकल्यावर त्याची आठवण तुमच्या आठवणीत मिसळते आणि मग कोणती कुणाची हे वेगळं करता येत नाही. कागद आधी लिहून झाला असेल तर दोन्ही शेजारी ठेवता येतील. मग दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात द्या. त्या वेळी तो नुसता बघत बसायचा, आता त्याला खेळू द्या.