संगणक अचानक बंद पडतो तेव्हा फॉरमॅट नको, आधी भिंतीवरचा बोर्ड तपासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात शाहूपुरीतील कुंभार गल्लीत राहत्या घरी असलेला पाच वर्षांचा डेस्कटॉप काम करता करता एकदम बंद पडतो, पडद्यावर कोणताही संदेश येत नाही, घरातले दिवे मात्र चालूच असतात, दुरुस्ती करणारा म्हणतो की व्हायरस आहे, फॉरमॅट करावे लागेल, आणि तरीही थांबले नाही तर नवा घ्यावा लागेल, तेव्हा आधी फॉरमॅट करावे की सरळ नवाच घ्यावा? माझे उत्तर असे आहे की यातले काहीही इतक्यात करू नये. ‘दिवे मात्र चालूच असतात’ हे आपले वाक्य वाचून मी लिहायला बसले, कारण याच वाक्यावरून आमच्या घरात बराच काळ वाद चालला आहे आणि तो अजून पूर्णपणे मिटलेला नाही.

मी मंगळवार पेठेत राहते आणि घरूनच अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची कार्यक्रमपत्रे आणि मुख्यतः सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. या संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये आम्हाला मान वर करायला सवड नसते. नेमक्या त्याच दिवसांत संगणक बंद पडू लागला. ताळेबंदाचा तक्ता अर्धा झालेला असावा आणि क्षणात पडदा काळा व्हावा, पंख्याचा आवाज थांबावा, असे वारंवार होऊ लागले. मी त्या वेळीच म्हणत होते की विजेचा काहीतरी दोष आहे. आमचे थोरले भाऊजी म्हणाले, ‘वीज गेली असती तर ट्यूबलाइट गेली नसती का? दिवे चालू आहेत म्हणजे दोष यंत्रात आहे.’ मी माहेरी गेले असताना त्यांनी ओळखीचा एक दुरुस्ती करणारा बोलावला आणि त्याने विंडोजचा सी ड्राइव्ह फॉरमॅट करून दिला.

अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाच्या यंत्रावर फॉरमॅट करणे म्हणजे काय, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. आमच्या व्यवसायात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बांधलेल्या फायली अजून भरपूर आहेत. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर फाइल उघडते, परंतु मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती सरमिसळ दिसते. माझ्या फायली डी ड्राइव्हवर सुरक्षित होत्या. फॉन्ट आणि कळफलकाची प्रणाली मात्र सी ड्राइव्हवर होती आणि ती गेली. ते फॉन्ट पुन्हा मिळवण्यासाठी मला लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या छापखान्यांत फिरावे लागले. एवढे होऊनही संगणक पूर्वीसारखाच बंद पडत राहिला.

माझे वडील उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचे काम करत. त्यांचा काट्याचा जुना मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब (व्होल्टेज) मोजायचे यंत्र, माझ्याकडे आहे आणि तो कसा वापरायचा हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले आहे. संगणक सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळेसच जास्त बंद पडतो, हे माझ्या ध्यानात आले होते, म्हणून ज्या बोर्डावर संगणक होता त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये मी मीटर लावला आणि पाण्याची मोटर सुरू करायला सांगितले. काटा २३० व्होल्टच्या आसपास स्थिर होता; मोटर सुरू होताच तो १८० च्या खाली झुकला, थरथरला आणि परत वर आला. खोलीतली ट्यूबलाइट त्या वेळी चालूच होती, कारण ती दुसऱ्या बोर्डावर होती. मी वायरमनला बोलावले. मेन स्विच बंद करून त्याने बोर्डाची पट्टी उतरवली, तेव्हा न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचे वेष्टण टोकाला काळे पडून कडक झालेले दिसले, तांब्याच्या तारा चॉकलेटी झाल्या होत्या, आणि स्क्रूवर पेचकस ठेवताच तो जोर न लावता अर्धा फेरा फिरला. पाण्याच्या मोटरची वायरही त्याच बोर्डावरून पुढे गेली होती. सॉकेट बदलले, वायर मागे कापून नवे टोक काढले आणि मोटरला वेगळी लाइन दिली. तेव्हापासून यंत्र एकदाही अवेळी बंद पडलेले नाही.

आता दिवे चालू राहतात आणि संगणक का बंद पडतो, हे सांगते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. संगणकाचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा आतला डबा) वीज खंडित झाल्यावर आपल्या कपॅसिटरमधील, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागातील साठ्यावर पूर्ण भाराला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि जुन्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर सुकल्यामुळे हा अवधी आणखी कमी होतो. म्हणजे सैल जोडावर एका आवर्तनापुरता जरी खंड पडला तरी संगणक बंद होऊ शकतो. फिरता पंखा तेवढ्यात थांबत नाही आणि दिव्याची उघडझाप डोळ्याला जाणवतही नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तो सैल जोडातून गेला की त्याच बोर्डावरच्या प्रत्येक उपकरणाला मिळणारा विजेचा दाब कोसळतो. ‘दिवे चालू होते’ हा विजेच्या बाजूने दिलेला पुरावा म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

भाऊजी आजही म्हणतात की फॉरमॅटचाच गुण आला, फक्त उशिरा आला. हे मला मान्य नाही आणि त्याला लेखी आधार आहे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते; तिच्यात विंडोज लॉग्जखाली सिस्टिम हा भाग उघडावा. यंत्र अचानक बंद पडले असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना कर्नल-पॉवर ४१ आणि ६००८ या क्रमांकाच्या नोंदी होतात. एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर बंद केले असेल तर १०७४ ही नोंद सापडते. ४१ क्रमांकाच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोज स्वतः कोसळल्यास निळ्या पडद्यावर येणारा दोषाचा क्रमांक) शून्य असेल, तर निळा पडदा येण्याइतकाही वेळ विंडोजला मिळाला नाही, असे समजावे, आणि मग वीज किंवा उष्णता यांकडेच पाहावे. माझ्या यंत्रावर फॉरमॅटनंतरही या नोंदी होत राहिल्या आणि सॉकेट बदलल्यानंतर एकही झाली नाही. फॉरमॅटपूर्वीच्या नोंदी मात्र फॉरमॅटबरोबरच पुसल्या गेल्या, कारण ही नोंदवही सी ड्राइव्हवरच असते. दोषाचा एकमेव साक्षीदार नाहीसा करून मग दोष शोधायला बसण्याची ही पद्धत मला मुळीच पटत नाही, आणि जो दुरुस्ती करणारा ही नोंदवही न उघडताच व्हायरसचे निदान करतो त्याला यंत्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कुंभार गल्लीत २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले होते. आपल्या घरातले बोर्ड तेव्हा बुडाले असतील आणि नंतर वाळवून तेच वापरात ठेवले असतील, तर ते आधी बदलून घ्या. गाळाचे पाणी पितळी पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसते, जोडांवर हिरवा थर धरतो आणि पट्ट्यांची पकड सैल होते. बाहेरून बोर्ड स्वच्छ दिसतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये.

आपण घरात इन्व्हर्टर असल्याचेही लिहिले आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका असतो. नॉर्मल मोडवर वीज बदलून घ्यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद होतो. खटका यूपीएस मोडवर ठेवावा. संगणकासाठी वेगळा यूपीएस असेल तर काम जतन करून, यंत्र चालू असताना यूपीएसची भिंतीकडची वीज बंद करून पाहावी. संगणक त्याच क्षणी बंद झाला तर बहुधा बॅटरी संपली आहे. या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या साधारण तीन-चार वर्षेच नीट चालतात.

उष्णतेचा दोष ओळखणे सोपे आहे. यंत्र सुरू केल्यावर ठरावीक वेळाने, विशेषतः जड काम चालू असताना बंद पडत असेल आणि लगेच सुरू केल्यास पुन्हा लवकर बंद पडत असेल, तर हीटसिंकवरची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरची) धूळ काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट नव्याने लावून घ्यावी. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही तापमान वाढले तर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतात. हे सर्व ठीक निघाले तर ओळखीच्या कोणाकडून दुसरा एसएमपीएस आणून काही दिवस लावून पाहावा, आणि त्यानेही फरक पडला नाही तरच नव्या यंत्राचा विचार करावा.

मी लिहिले ते डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे भिंतीतल्या सैल जोडाने तो बंद पडत नाही, बॅटरी निकामी झाली असेल तर गोष्ट वेगळी. निळा पडदा आणि त्यावर कोड येत असेल तर रॅम, हार्ड डिस्क आणि ड्रायव्हर यांकडे आधी पाहावे लागते, आणि तिथे कधीकधी फॉरमॅट हा योग्य उपायही ठरतो. हे मी भाऊजींनाही मान्य केले आहे. मीटर लावायची सवय नसेल तर चालू विजेवर मीटर लावू नका, बोर्ड स्वतः उघडू नका, आणि एसएमपीएसचे झाकण तर कोणीच काढू नये, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब शिल्लक राहू शकतो. वायरमनला बोलावाल तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू फिरवून पाहायला आवर्जून सांगा. पुष्कळ जण फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला टेस्टर लावतात, तो पेटला की बोर्ड ठीक आहे म्हणून निघून जातात; न्यूट्रल सैल असला तरी टेस्टर पेटतोच.