घर दुरुस्त करायचं की बदलायचं? आधी वर्षं ठरव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात घराच्या तक्रारी आहेत, कंत्राटदाराचं कोटेशन आहे, दुसऱ्या घरासाठी किती शिल्लक पडली तेही आहे. एकच आकडा नाही: या घरात तुला अजून किती वर्षं काढायची आहेत? तो ठरल्याशिवाय बाकीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन वर्षांत निघणार असशील तर नवं किचन ही चैन आहे. दहा वर्षं राहणार असशील तर तेच किचन स्वस्तात पडलं म्हणायचं.

वर्षं ठरवायला तक्रारींची यादी पुन्हा घे. अंधार, आवाज, जिना चढण्याचा त्रास, कामाच्या जागेपासूनचं अंतर, कागदपत्रांतला हिस्सेदारीचा घोळ, हे कुठलाही गवंडी दुरुस्त करू शकत नाही. रोज जाता-येता प्रत्येकी ४५ मिनिटं जास्त जात असतील, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ३७५ तास जातात. तुझी खरी तक्रार ही असेल तर टाइल्सचे नमुने बघत बसू नकोस. उलट "घर लहान पडतं" ही तक्रार पुष्कळदा जागेची नसतेच, सामान ठेवायच्या सोयीची असते. भिंतीला लागून छतापर्यंत कपाटं केली, न लागणारं सामान काढून टाकलं, की त्याच घरात आणखी तीन-चार वर्षं निघतात. घर अजून आई-वडिलांच्या नावावर असेल, किंवा इमारतच पाडून नवी बांधायची चर्चा चालू असेल, तर मोठा खर्च तूर्त नकोच.

पाणी, वीज आणि सांगाडा मात्र कुणाच्या निर्णयासाठी थांबत नाहीत. राहायचं असो वा विकायचं, ही तीन कामं करावीच लागतात आणि उशीर झाला की महाग होतात.

ओल दिसली की लोक आधी रंगारी बोलावतात, तिथेच चुकतं. ओलीच्या जागी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसव आणि दोन दिवस ठेव. खोलीच्या बाजूने थेंब जमले तर ती हवेतली वाफ आहे. खिडकी, एक्झॉस्ट पंखा एवढ्यावर भागेल. भिंतीच्या बाजूने जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेव. टाकीचा फ्लोट नळ, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारा, बंद आहे ना तेही बघ. सकाळपर्यंत कुणी पाणी वापरलं नसताना आकडा पुढे गेला असेल तर दाबाखालची पाइप गळतेय. आकडा जागेवर असेल तर संशय बाथरूमच्या फरशीवर. जाळीखालचं तोंड बंद कर, दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठव, पातळीवर खडूची रेघ मार आणि २४ तास ते बाथरूम वापरू नकोस. रेघेखाली बोटभर पाणी उतरलं किंवा खालच्या छताला डाग आला, तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. सांध्यांत सिमेंट भरून ते परत येत नाही. फरशी काढावीच लागते. नवं करताना लेप भिंतीवर निदान ३० सेंटिमीटर चढवायचा, शॉवरपाशी माणसाच्या उंचीपर्यंत. भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा गोलसर करून घ्यायचा, कारण लेप पहिल्यांदा तिथेच फाटतो. उतार दर मीटरला किमान एक सेंटिमीटर. आणि वरची पाणी भरून ठेवायची परीक्षा टाइल्स बसवण्याआधी करायची. कंत्राटदार घाईत असला की नेमकी हीच पायरी गाळतो.

सांगाड्याचं बघताना भेगेची दिशा बघ. प्लास्टरवरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा सोडून दे. पण कॉलम किंवा बीमच्या लांबीला धरून उभी-आडवी सरळ भेग गेली असेल, कडेला तांबूस डाग असेल, हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट बाहेर ढकलतो. त्यावर नुसतं प्लास्टर मारलं तर ते वर्षा-दोन वर्षांत पुन्हा पडतं, कारण आतला गंज चालूच असतो. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढणं, गंज घासणं, संरक्षक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मॉर्टर, असा तो क्रम. सळई बरीच झिजली असेल तर जोडीला नवी. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लिहून द्यायचं काम आहे, कंत्राटदाराच्या तोंडी अंदाजाचं नाही. हा खर्च मोठा निघाला तर तुझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

विजेचं थोडक्यात: जुन्या वायरीवर नवे स्विचबोर्ड बसवणं म्हणजे पैसे वाया. गीझर, एसी यांना वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग तपासलेलं, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडून पुरवठा तोडणारा स्विच). त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला नाही तर बदल.

आता पैशांकडे. हव्या त्या दुसऱ्या घराची आजची किंमत १०० धर. सुरुवातीला भरायचे २०, कर, नोंदणी, दलाली आणि सामान हलवणं यांचे १०, म्हणजे ३० हाताशी हवेत. तुझ्याकडे १० आहेत. किमती आणि तुझी बचत दोन्ही वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असं धरलं, तर पाच वर्षांनी ३० चे ४० झालेले असतात आणि तुझ्या १० चे सुमारे १३.४. उरलेल्यासाठी महिन्याला ०.३८ बाजूला पडायला हवेत. आता तेच १० आज दुरुस्तीत घातलेस आणि मासिक बचत तेवढीच ठेवलीस, तर पाच वर्षांचं काम सव्वाआठ वर्षांवर जातं. दुरुस्तीची खरी किंमत ही: सव्वातीन वर्षं. त्या बदल्यात सव्वाआठ वर्षं चांगल्या घरात राहायला मिळणार असेल तर सौदा वाईट नाही, पण तो डोळे उघडे ठेवून कर. तुझे आकडे आणि तुझ्याकडचे दर घालून हेच गणित पुन्हा मांड.

विकताना दुरुस्तीचा पैसा वसूल होईल यावर विसंबू नकोस. ओल नसणं, चालू नळ, सुरक्षित वायरिंग यांना गिऱ्हाईक किंमत देतं. तुझ्या आवडीच्या ग्रॅनाइटला आणि फॉल्स सीलिंगला फारशी नाही. शेजारची तशीच घरं ज्या भावाला जातात, त्याच्या फार वर तुझं जाणार नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढणार असशील तर हेही लक्षात घे की पुढच्या गृहकर्जाची रक्कम ठरवताना हा हप्ता तुझ्या उत्पन्नातून वजा धरला जातो. आणि गृहकर्ज स्वस्त वाटलं तरी ९ टक्क्यांनी २० वर्षांत घेतलेल्या रकमेच्या जवळजवळ २.१६ पट परत जाते.

माझं मत विचारशील तर पाच वर्षांच्या आत निघायचं असेल तेव्हा पाणी, वीज, सांगाडा एवढंच कर, एक हात रंग दे आणि बाकी पैसा हलवू नकोस. लाकूडकाम केलंसच तर भिंतीत न बसवलेलं, सोबत नेता येईल असं कर. आठच्या वर वर्षं असतील तर मात्र तुकड्या-तुकड्याने करू नकोस, कारण दर वेळी तोडफोड, धूळ आणि मजुरी नव्याने मोजावी लागते. मधल्या वर्षांसाठी सरळ नियम नाही. तिथे वरचं गणितच कौल देईल.

काम काढलंस तर कोटेशनवर जुन्या घरासाठी १५ ते २० टक्के वर धर, फरशी उचलल्यावर काय निघेल ते कुणाला माहीत नसतं. बाथरूम एकच असेल तर दोन-तीन आठवड्यांची दुसरी सोय आधी लाव. क्रम तोडफोड, पाइप, वायरिंगच्या नळ्या, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सुतारकाम, रंग असाच हवा. नळ्या आणि पाइप भिंतीत बुजवण्याआधी शेजारी मापाची टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेव, पुढे ड्रिल मारताना लागतील. टाइल्स मापापेक्षा १० टक्के जास्त घे आणि उरलेल्या जपून ठेव, कारण तीच छटा पुन्हा मिळत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने दे, आगाऊ एकदशांशाहून जास्त नको, आणि शेवटचे ५ ते १० टक्के पाणी साठवून केलेली परीक्षा पार पडून महिना उलटल्याशिवाय सोडू नकोस. हे सगळं काम सुरू होण्याआधी कागदावर घे. नंतर कुणी सही करत नाही.

प्लास्टिक आणि मीटरचा निकाल कळव, मग कोटेशनमधली एकेक ओळ बघू.