वाटण करताना मिक्सर वारंवार बंद पडतो. मोटर जळाली असे समजावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की साडेसातशे वॅटचा मिक्सर ओल्या खोबऱ्याचे वाटण करताना एक-दोन मिनिटांत बंद पडतो, थोड्या वेळाने तळाचे लाल बटण दाबले की पुन्हा सुरू होतो, अधूनमधून जळका वास येतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर न उघडताच ‘मोटर गेली, वाइंडिंग करावे लागेल’ असे सांगण्यात आले. मिक्सरदुरुस्ती हा माझा रोजचा व्यवसाय आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो, की एवढ्या लक्षणांवरून मोटर जळाली असा निष्कर्ष काढता येत नाही. वाइंडिंग (मोटरमधील तारेची वेटोळी) पुरते जळाले असते, तर बटण दाबूनही मोटर फिरली नसती किंवा फिरताना धूर आणि मोठ्या ठिणग्या दिसल्या असत्या. आपली मोटर अजून फिरते आहे. तिच्यावर भार जास्त येतो आहे, आणि तो कुठून येतो हे आधी शोधायला हवे.

ते लाल बटण म्हणजे ओव्हरलोडचे संरक्षण. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहू लागला की ती तापून वाकते आणि मोटरचा पुरवठा तोडते. साडेसातशे वॅटची मोटर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर घेते, पण पाती अडकली किंवा जड फिरू लागली की हाच करंट कितीतरी वाढतो. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधील उष्णता चौपट होते, म्हणून काही क्षणांचा अडथळासुद्धा वाइंडिंगवरचे वार्निश करपवायला पुरतो. बटण उडाले की दहा-पंधरा मिनिटे मोटर निवू द्यावी. लगेच बटण दाबून उरलेले वाटण पुरे करण्याचा मोह आवरावा, कारण धडधाकट मोटर बहुतेक वेळा अशाच घाईत जळते.

आता तपासणी. पहिली कामे प्लग काढून करायची आहेत आणि त्यांना कसलेही अवजार लागत नाही. ज्या भांड्यात वाटण करता ते रिकामे, कोरडे भांडे उलटे धरा आणि तळाचा कपलर, म्हणजे मोटरशी जोडला जाणारा दातेरी भाग, बोटांनी फिरवा. पाती हलक्या हाताने, कुठेही न अडखळता फिरली पाहिजेत. ती जड फिरत असतील, किंवा एका जागी अडून पुढे सरकत असतील, तर दोष बहुधा भांड्यातच आहे. माझ्याकडे ‘मोटर गेली’ म्हणून येणाऱ्या मिक्सरांमध्ये अशी भांडी नेहमी सापडतात. पात्यांचा दांडा ज्या बुशमधून (धातूच्या नळीतून) जातो, तिथे खोबऱ्याचे तेलकट दूध आणि मसाल्याचे कण झिरपतात, वाळतात आणि दांड्याभोवती काळपट, चिकट कडे धरतात. पाती काढून दांडा बाहेर घेतला, की ते कडे नखाने खरवडावे लागते इतके घट्ट बसलेले असते. दुसऱ्या दिवशी तेच भांडे सुरू करताना मोटरची निम्मी ताकद ते कडे फोडण्यातच खर्च होते.

उपाय सोपा आहे. भांडे पालथे ठेवून कपलरच्या खोबणीत कडकडीत नव्हे पण चांगले गरम पाणी ओतावे, थोडा वेळ मुरू द्यावे, मग कपलर दोन्ही दिशांनी फिरवत राहावे. दोन-तीनदा असे केले की साका सुटतो. बुशमध्ये खाण्याचे तेल सोडण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही, कारण ते काही दिवसांत डिंकासारखे चिकट होते. आणि शिलाई मशीनचे तेल तर अन्नाच्या भांड्यात जाताच कामा नये. पाती फिरवण्याबरोबरच दांडा आडवा हलवूनही पाहावा. तो खटखट हलत असेल, किंवा भांडे वापरल्यावर तळाशी काळे पाणी दिसत असेल, तर बुश आणि दांडा दोन्ही झिजले आहेत आणि ती जोडी बदलूनच घ्यावी. ते काळे पाणी म्हणजे झिजलेल्या धातूची भुकटी असते. ती वाटणात जाते आणि खाली मोटरमध्येही उतरते. हे काम दुकानात थोड्या वेळात होते आणि वाइंडिंगच्या मानाने खर्च फारच कमी येतो.

भांडे मोकळे फिरत असेल तर मोटरकडे वळा. प्लग अजून काढलेलाच असू द्या आणि मोटरवरचा कपलर बोटाने फिरवा. फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या घर्षणामुळे किंचित रोध जाणवेल, तो स्वाभाविक आहे. मात्र खरखर लागली किंवा कपलर मध्येच अडला, तर मोटरचा बुश कोरडा पडला आहे किंवा भांड्यातून गळलेल्या पाण्याने गंजला आहे. त्याच वेळी कपलरचे दातही पाहून घ्या. रबरी किंवा नायलॉनचे दात झिजून गोल झाले असतील, तर भार येताच ते घसरतात, तापतात आणि जळक्या रबराचा वास सोडतात. हा वास आणि वाइंडिंगच्या वार्निशचा तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास निरनिराळा असतो. कपलर स्वतः बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा: मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवल्यावर तो सुटतो, कारण चालताना येणाऱ्या भाराने तो आवळत जावा अशीच त्याच्या आट्यांची दिशा ठेवलेली असते. खालून मोटरचा दांडा पक्का धरावा लागतो, नाहीतर सगळेच एकत्र फिरत राहते.

यानंतर प्लग लावून, भांडे न बसवता, मिक्सर सर्वांत कमी गतीवर केवळ चार-पाच सेकंद चालवा. काही मिक्सर भांड्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे रिकामे भांडे झाकणासह बसवावे. आवाज एकसारखा चढला आणि हवेच्या झरोक्यांतून बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर काळजी नको. ठिणग्या मोठ्या, पिवळ्या असतील, तर कार्बन झिजलेले असू शकतात किंवा स्प्रिंगसह आपल्या खोबणीत अडकलेले असू शकतात. मूळ लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी उरलेले कार्बन जोडीनेच बदलावेत. ठिणग्यांचे कडेच गरगर फिरताना दिसले, तर मात्र आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, शॉर्ट झाल्याची शक्यता आहे आणि मिक्सर तिथेच थांबवावा.

आर्मेचरचे निदान मिक्सर उघडल्यावरच होते, आणि ते आपण समोर उभे राहून करून घ्यावे. कार्बन ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात त्या कम्युटेटरकडे पाहा. सगळ्या पट्ट्या सारख्याच तपकिरी असतील तर चांगले. एक-दोन पट्ट्याच कोळशासारख्या काळ्या आणि कडेला खाल्लेल्या दिसत असतील, तर त्यांना जोडलेले वेटोळे तुटले किंवा शॉर्ट झाले आहे. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध मोजला तर तो सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा, आणि कोणतीही पट्टी व मधला लोखंडी दांडा यांच्यात जोड अजिबात दिसता कामा नये. नुसता काळेपणा असेल तर बारीक काचपेपरने कम्युटेटर स्वच्छ करता येतो. एमरी पेपर वापरू देऊ नका, त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांमधील फटींत अडकतात. या चाचण्यांत दोष दिसला, तर दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. त्या वेळी तार तांब्याची घालणार की अॅल्युमिनिअमची, हे आधी विचारावे आणि तांब्याचाच आग्रह धरावा.

मोटर आणि भांडे दोन्ही ठीक निघाले, तर वापराच्या पद्धतीकडे पाहावे लागेल. मिक्सरची थंड हवा बहुतेक तळाच्या झरोक्यांतून आत जाते, आणि ओटा खराब होऊ नये म्हणून मिक्सरखाली अंथरलेले फडके नेमके तेच बंद करते. सायंकाळी व्होल्टेज उतरत असेल तर मोटरबरोबर तिचा पंखाही मंदावतो, वाटायला वेळ जास्त लागतो आणि उष्णता साचत जाते. खोबऱ्याचे मोठे तुकडे टाकून लगेच तिसऱ्या गतीवर जाणे हाही मोटरवर अन्यायच आहे. खोबरे खवून किंवा बारीक चिरून घ्यावे, भांडे निम्मेच भरावे, पाती खाली पोकळीत फिरू लागली की चमचाभर पाणी घालून वाटण खाली ढकलावे, आणि प्रत्येक मिनिटानंतर थोडे थांबावे. मिक्सरवरच्या पट्टीवर ‘३० मिनिटे’ लिहिलेले असले, तरी ते मध्ये मध्ये विश्रांती धरून असते; चालू आणि बंद ठेवण्याच्या वेळा माहितीपत्रकात दिलेल्या असतात, त्या पाळाव्यात.

शेवटची शक्यता त्या लाल बटणाचीच आहे. वर्षानुवर्षे उडून त्याची पट्टी कमजोर होते आणि साध्या भारालाही ते उडू लागते. अशा वेळी तेवढ्याच अँपिअरचे नवे बटण बसवावे. काही ठिकाणी बटण काढून दोन तारा थेट जोडून देतात आणि मिक्सर ‘पूर्वीपेक्षा चांगला’ चालतो म्हणून ग्राहकही समाधानाने जातो. असे कृपया कोणालाही करू देऊ नका. पुढच्या वेळी पाती अडकली, की पुरवठा तोडायला काहीच उरत नाही आणि तेव्हा मोटर खरोखरच जळते. आपल्या घरी दुसरे, चटणीचे भांडे असेलच. आज ते बसवून थोडे वाटण करून पाहा आणि बटण तेव्हाही उडते का ते इथे कळवा. उडत नसेल, तर फक्त मोठे भांडे घेऊन दुकानात जा. मिक्सर घरीच राहू द्या.