चिंच मूळची आफ्रिकेची, मग नावात ‘इंडिका’ कसं?
तुमचा प्रश्न रास्त आहे. चिंच मूळची आफ्रिकेची, पण ‘टॅमरिंडस इंडिका’ या शास्त्रीय नावात भारत एकदा नाही, दोनदा येतो! अरबी भाषेत तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हणतात. पिकलेली चिंच सोलून पाहा: चिंचोक्याभोवतीचा तो तपकिरी, चिकट गर खरोखर खजुरासारखाच दिसतो. ‘टॅमरिंडस’ आलं ते त्यावरून. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये हे नाव प्रसिद्ध केलं, आणि वनस्पतींच्या नावांचा नियम असा की अर्थ चुकीचा निघाला एवढ्यावरून नाव बदलत नाही. ‘सिला पेरूव्हियाना’ हे कंदाचं झाडही भूमध्य समुद्राकाठचं, पेरू देशाचं नव्हेच. मला हा नियम मनापासून पटतो. नाहीतर जुनं प्रत्येक पुस्तक पुन्हा तपासत बसावं लागलं असतं.