आधी जुनं कॅलेंडर चाळ, मग बोल

प्रश्न : ताई, डिसेंबर आला की माझ्या व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे स्टेटस सुरू होतात, कोणी दुबईला जाऊन आलं, कोणी पर्वरीला फ्लॅट घेतला आणि खाली हात जोडलेला इमोजी. माझं वर्ष म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची बारावी आणि रोजची फोंडा-पणजी बस. सांगण्यासारखं काहीच नाही, मग आभार कसले मानायचे? उगाच नाटक वाटतं.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अगं, सासूबाई आता चालतात का? ऑपरेशन लिहिलंस, पुढचं लिहिलंच नाहीस बघ. होतंच तसं, त्रास सुरू झालेला दिवस पक्का लक्षात राहतो आणि तो कधी कमी झाला, वॉकर कोपऱ्यात कधी गेला, ते घरात कोणालाच आठवत नाही.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेल ना? 1973 पासून निघतंय ते, आणि तिथी बघायला घेतो म्हणतो पण खरं तर आपण त्यावर घरचा हिशोब लिहितो, गॅस लावला, दूध अर्धा लिटर जास्त, बाई आली नाही. नवीन आणलंस की जुनं लगेच रद्दीत घालू नकोस, चहा घेऊन बस आणि एकेक पान उलट. चवथीच्या दिवसांत दूध जास्त घेतलेलं दिसेल, म्हणजे घर भरलेलं होतं. गणपतीच्या डोक्यावर फळंपानं बांधतात त्या माटोळीला कांगलां, आंबाडे यंदा कोणी बांधले, कारण तुझा जीव तर हॉस्पिटलात अडकलेला. ऑपरेशनच्या आठवड्यात दुधाला सुट्टी असेल, तर मग मुलीचं जेवणखाण कोणी बघितलं? शेजारणीनं डबा दिला असेल, नवऱ्यानं कधी नव्हे ते शीतकडी, म्हणजे भात-कालवण, केली असेल (कशी का असेना), बसमध्ये रोजच्या कोणीतरी तुला झोप लागलेली बघून तुझ्या स्टॉपला हाक मारली असेल. फोनच्या गॅलरीत यातलं काही सापडायचं नाही, कारण अशा वेळी फोटो काढायचं सुचतच नाही कोणाला.

आणि नाटक म्हणतेस, तर 2003 साली अमेरिकेत एमन्स आणि मॅक्कलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलंय. विद्यार्थ्यांच्या एका गटानं 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल बरं वाटलं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या आणि दुसऱ्या गटानं कटकटी लिहायच्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. लक्षात घे, आठवड्यातून एकदाच हं. रोज रात्री डायरी भर असं मी तुला सांगणार नाही, तुला आधीच कामं काय कमी आहेत.

मात्र सापडलेलं वहीतच ठेवू नकोस. डबा देणारीला जाऊन सांग की त्या दिवशी तू नसतीस तर पोरगी मॅगी खाऊन पेपरला गेली असती. नुसतं थँक्यू म्हटलं की ती 'त्यात काय एवढं' म्हणून उडवून लावेल, पण असं नेमकं सांगितलंस की तिला उडवता येणार नाही.

जे खरंच वाईट झालं त्यातून काय शिकलो वगैरे शोधत बसायची सक्ती नाही हां. 31 डिसेंबरला आपल्याकडची पोरं जुन्या शर्टपँटीत गवत भरून ओल्ड मॅन करतात, त्याच्या नावानं रस्त्यात पैसे मागतात आणि रात्री बाराला पेटवतात. त्यांच्या डब्यात दहा रुपये टाक आणि ते सगळं त्याच्याबरोबर जाऊ दे.

प्रश्न : वर्षअखेर आभाराचा एकच छान मेसेज तयार करून सगळ्या कॉन्टॅक्ट्सना पाठवतो, चालेल ना?
– निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : पाठवा की सर, कोणी अडवलंय. फक्त एक बघा, त्या यादीत काकूंचाही नंबर आहे का? तोच मेसेज त्यांनाही गेला तर संध्याकाळच्या चहाची गॅरंटी मी देत नाही.