वाचकांचे प्रश्न : प्रार्थना करावीशीच वाटत नाही तेव्हा

प्रश्न : सप्रेम सलाम. मी यंत्रमागावर काम करतो, आठवड्याला पाळी बदलते. वर्षभर पत्नी आजारी आहे, औषधपाण्यात उसनवारी झाली. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, रोज पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायचा निश्चय केला. तो दुसऱ्याच आठवड्यात मोडला. आता बायबल हातात घ्यावंसं वाटत नाही. चर्चमध्ये मागे बसतो आणि उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाआधीच निघतो. घरसभेत एकजण म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून घरात आजार आहे. खरंच तसं असेल का? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नाही. प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, पण त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत शहरातच ठेवावं लागलं (2 तीमथ्य 4:20). तिथे कोणाचाही विश्वास मोजलेला नाही. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे सततचं दुखणं, दूर व्हावं म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेल एवढं उत्तर मिळालं (2 करिंथ 12:8-9). तो शेरा सोडून द्या. आणि प्रार्थनेच्या नावाखाली कोणी औषध थांबवायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका.

निश्चय मात्र मोडणारच होता. रात्रपाळीत पहाटेचे चार म्हणजे माग चालू असतो, दिवसपाळीत तोच तास झोपेतून जातो. दमलेल्या माणसाचं आधी काय करावं हे 1 राजे 19 मध्ये आहे. ईजबेल राणीला भिऊन पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उठवून खायला सांगतो : निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा जेवण. ‘तू इथे काय करतोस’ हा देवाचा प्रश्न होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

म्हणून तासाऐवजी दहा मिनिटं धरा आणि ती घड्याळाला न बांधता कामाला बांधा. पाळीवरून आलात, अंघोळ झाली, दोन घास पोटात गेले, की झोपण्याआधी. मोबाईल लांब ठेवा. बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. सुरुवात 13 पासून करा : सहाच वचनं, आणि पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ चार वेळा. मग 42, 77, 88. स्तुतिस्तोत्रांवर उडी मारू नका. 88 वं तर अंधारातच संपतं, तरी ते देवाशीच बोलणं आहे. मग एकच मागणी नाव घेऊन करा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. मन लागलं नाही तरी चालेल.

चुकलेला दिवस भरून काढायला जाऊ नका. ‘उद्या दोन तास करू’ म्हटलं की ओझं वाढतं, मग लाज वाटते, मग माणूस मंडळीपासून तोंड चुकवतो. ताण्याचा धागा तुटला तर तुम्ही गाठ मारून माग चालू करता, ताणा गुंडाळलेला अख्खा बीम फेकून देत नाही.

रविवारी आशीर्वाद होईपर्यंत थांबा. पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू वडिलांना गाठून आकड्यात सांगा : देणं कोणाचं, किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. नुसतं ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हटलं तर आठवणच ठेवली जाते. पत्नीच्या आजारावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात का, ते योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. जाताना रेशन कार्ड, आधार सोबत न्या. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला असा आजार असलेल्या घरी भेटीला जायचं आहे. काय बोलावं?

उत्तर : कमी बोला. बायबलमध्ये संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि घात झाला. दहाजणी नको, दोघी जा. आधी फोन करा, नळाला पाणी येण्याचा दिवस टाळा, वीस मिनिटांत उठा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कोणी सांगत नाही. ‘मंगळवारी दवाखान्यात मी बसते, तुम्ही झोपा’ असं म्हणा. कडक भाकरी न्या, ती आठवडाभर टिकते. शेंगाचटणी घरच्यांसाठी, आजाऱ्याला पथ्य विचारून. आणि बरं वाटायच्या आत त्यांना मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभं करू नका.

प्रश्न : कर्ज असताना दशांश (मिळकतीचा दहावा भाग अर्पण करणं) थांबवला तर पाप का?

उत्तर : जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही (2 करिंथ 8:12). देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने फटकारलं आहे (मार्क 7:11-13). व्याजाने पैसे काढून अर्पण टाकू नका. दहा रुपये टाकायचे असतील तर दहाच टाका, आणि अर्पणाची थैली पुढे येताना मान खाली घालू नका.