डेन्मार्कला जाताना युरो द्यावेत का?

प्रश्न: माझी मुलगी ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी डेन्मार्कला, आरहुसला चाललीये. सोबत युरो दिले तर चालतील ना? आणि तिकडे महागाई फार म्हणतात, तर नेमके पैसे कशाला जास्त लागतात?

उत्तर: ताई, युरो नका देऊ. डेन्मार्क युरोपियन युनियनमध्ये असलं तरी चलन क्रोनरच आहे, २००० साली सार्वमतात लोकांनी युरोला नकार दिला आणि ते आजही तसंच आहे, फक्त क्रोनर युरोशी बांधलेला असल्याने एका युरोला साधारण ७.४६ क्रोनर हा दर फारसा हलत नाही. रोख अगदी थोडी द्या. १००० ची नोट कुणी दिली तर घेऊ नका, ती मे २०२५ अखेर बंद झालीये. तिकडे सगळे मोबाईलपे, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं ॲप वापरतात पण त्याला सीपीआर नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) आणि तिथलं बँक अकाउंट लागतं, तोपर्यंत परदेशात चालणारं कार्ड जवळ हवंच.

खरा खर्च भाड्याचा, आणि तोही पहिल्याच दिवशी! घरमालक कायद्याने ३ महिन्यांचं डिपॉझिट आणि वर ३ महिन्यांचं आगाऊ भाडं मागू शकतो. समजा खोली ४५०० ची, तर पहिल्या महिन्याचं भाडं धरून ३१,५०० क्रोनर एकदम द्यावे लागतील, त्यामुळे ही रक्कम आधीच वेगळी काढून ठेवा. खोलीचा ताबा मिळाला की लगेच भिंती, फरशी, बाथरूम सगळ्याचे फोटो काढून जे खराब असेल ते २ आठवड्यांच्या आत मालकाला लेखी कळवायला सांगा, नाहीतर सोडताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापलं जातं आणि मुलं बिचारी काही बोलू शकत नाहीत.

किराण्याची एवढी धास्ती नको. छापील किमतीत २५ टक्के व्हॅट धरलेलाच असतो, नेट्टो, रेमा १००० किंवा लिडल अशा स्वस्त सुपरमार्केटमधून सामान घेऊन घरी शिजवलं तर निभतं, बाहेर खाणं मात्र खिसा रिकामा करतं. बाटल्या आणि कॅन फेकू नको म्हणावं. त्यावर ए, बी किंवा सी छापलेलं असतं, म्हणजे १, दीड किंवा ३ क्रोनर डिपॉझिट, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकलं की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दिली की बिलातून तेवढे वजा.

कोर्स सरकारमान्य असेल तर महिन्याला ९० तास कामही करता येतं, जून ते ऑगस्ट फुलटाइम. पण पहिल्या महिन्यांचा हिशोब त्या पगारावर मांडू नका, काम मिळायला वेळ लागतो.